जमेच्या बाजूची झाडे

30 जून 2018 रोजी मी बँकेच्या सेवेतून निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झाल्यावर एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "साहेब, आता वेळ कसा घालवणार?" मी म्हणालो, "झाडे लावीन आणि सिनेमे पाहीन." सगळे हसले. आपल्या समाजात निवृत्त माणसाने मुलाच्या दुकानात गल्ल्यावर बसावे, एखाद्या संस्थेचा हिशेब सांभाळावा, अशी अपेक्षा असते. तेही मी यथाशक्ती करतो. परंतु त्या दिवशी दिलेले उत्तर थट्टेचे नव्हते. या दोन छंदांचा माझ्यापुरता एक जुना संबंध आहे आणि तो सांगण्यासाठी मला स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

माझे बालपण दारव्ह्याचे. बाबूजींचे किराणा व धान्याचे दुकान होते. पुढे महाविद्यालयासाठी मी यवतमाळला येऊ लागलो तो आपल्या 'शकुंतले'ने. ही अरुंद रुळांची गाडी तेव्हा वाफेच्या इंजिनावर धावे आणि तिच्या वेगाविषयी प्रवासी नाना विनोद करीत. बाबूजींना सिनेमा मुळीच मान्य नव्हता. तो त्यांच्या लेखी वेळेचा आणि पैशाचा दुहेरी तोटा होता. आईने मात्र एक तडजोड काढली होती. सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवण झालेच पाहिजे, म्हणजे सिनेमा पाहायचा तर दुपारचाच! त्यामुळे माझे तरुणपण दुपारच्या खेळांत गेले, आणि त्या काळी दुपारी बहुधा जुनेच चित्रपट लागत.

अशाच एका दुपारी, 1977 साली, मी बिमल रॉय यांचा 'दो बीघा ज़मीन' पाहिला. चित्रपट 1953 चा, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. बलराज साहनींचा शंभू जमीनदाराकडे कर्ज फेडायला जातो. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने देणे 65 रुपये. मुनीमजींच्या वहीत ते 235 होते. न्यायालय तीन महिन्यांची मुदत देते आणि तो कलकत्त्यात हातरिक्षा ओढू लागतो. शेवटी त्याच्या शेतावर कारखाना उभा राहतो; मूठभर माती उचलावी तर पहारेकरी तीही टाकायला लावतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. सभोवती लोक डोळे पुसत होते आणि माझ्या मनात ते दोन आकडे घोळत होते. वही खोटी असू शकते, हे मला तेव्हा कळले. वही खरी असूनही अन्याय होऊ शकतो, हे कळायला आणखी पंधरा-सोळा वर्षे जावी लागली.

नागपूर विद्यापीठाची एम.कॉम. पदवी घेऊन मी 1982 साली बँकेत रुजू झालो. नव्वदच्या दशकात जिल्ह्यातल्याच एका खेड्याच्या शाखेत कृषिकर्जाचे काम माझ्याकडे होते. आपल्या जिल्ह्याची शेती बहुतेक कोरडवाहू, कापसावर विसंबलेली. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि आमच्या भागाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली होती. अशा वर्षी पीककर्जाचे हप्ते पाडून मुदत वाढवता येते, हे मला पाठ होते. पण मार्च महिना होता, वसुलीचे उद्दिष्ट डोक्यावर होते. जो स्वतः विचारील त्याचा अर्ज घ्यायचा, आपण होऊन काही बोलायचे नाही, असे माझे मी ठरवून टाकले होते.

महिनाअखेरीस पाच एकरांचा एक शेतकरी आला. पदराखालून काढावी तशी त्याने धोतराच्या सोग्यातून नोटांची पुरचुंडी काढली आणि पूर्ण थकबाकी भरली. मी आनंदाने विचारले, "कापूस चांगला विकला वाटते?" तो म्हणाला, "नाही जी साहेब. धुऱ्यावरचे दोन आंबे अन् एक मोह विकला." परवानगीची खटपट लाकडाच्या व्यापाऱ्यानेच केली होती. मी पावती फाडली, शिक्का मारला. एप्रिलमध्ये उत्तम वसुलीबद्दल माझे कौतुकही झाले.

मे महिन्यात पाहणीसाठी त्या गावी गेलो. त्याच्या धुऱ्यावर तीन बुंधे होते. ऐन दुपारची वेळ. आणि त्यांतल्या एका बुंध्याशी त्याची म्हातारी आई डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात बसली होती. मी विचारले तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "किती सांगतलं तरी तिथंच बसते. सवय हाय तिले." त्या गावरान आंब्यांच्या कोया तिच्या सासऱ्याने पुरल्या होत्या. मोहाची फुले वेचायला ती नवी नवरी असल्यापासून पहाटे जात असे. माझ्या खातेवहीत त्या दिवशी बाकी शून्य होती आणि हिशेबात एका पैशाची चूक नव्हती.

आपल्या मंदिरांत, उपाश्रयांत षट्लेश्येचे चित्र असते. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले प्रवासी. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा लहान डहाळ्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकली फळे. आणि सहावा म्हणतो, खाली पडली आहेत तेवढीच वेचू. लहानपणापासून ते चित्र पाहताना मी स्वतःला त्या सहाव्याच्याच जागी ठेवीत आलो होतो. मी कधी कुणाच्या झाडाला हात लावला नव्हता, चतुर्दशीला पान तोडले नव्हते. त्या दुपारी प्रथमच जाणवले की कुऱ्हाड हाती न धरताही पहिला प्रवासी होता येते. दोन वाक्ये बोललो असतो तर ती झाडे उभी राहिली असती.

हा सल मी कुणाला सांगितला नाही. पुढे 2009 साली सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला. आपल्या विदर्भातील कापूस उत्पादक कुटुंबाची ती कथा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर एका पत्नीला आपल्या नवऱ्याविषयी धास्ती वाटू लागते. ती त्याला गोडधोड करून घालते, मुलाला त्याच्यावर नजर ठेवायला पाठवते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ती माणसे इतकी खरी केली आहेत की मला माझ्या टेबलासमोर बसलेले कितीतरी चेहरे आठवले. चित्रपट संपल्यावर सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे गप्प का?" तेव्हा तिला सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "मग आता काहीतरी लावा."

यवतमाळातील आमचे घर 2400 चौरस फुटांच्या भूखंडावर आहे. आईने लावलेली बकुळ तेवढी होती. मी हळूहळू कडुनिंब, जांभूळ, सीताफळ, कवठ, बेल, पारिजातक, कढीपत्ता अशी अकरा झाडे वाढवली. आमच्या बागेत कंदमुळे नाहीत आणि कीटकनाशकही नाही. उधई लागली तर निंबोळीचा अर्क वापरतो. खड्डा खणताना जीवांची विराधना होते, हे आई नेहमी बोलून दाखवी. म्हणून एक नियम केला. खड्डे एप्रिलमध्ये, जमीन कोरडी असताना, एकदाच खणायचे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. पहिले दोन पाऊस झाले की माती व शेणखत भरून रोप लावायचे आणि मग त्या जागेला पुन्हा कुदळ लावायची नाही. वाळलेला पाला जाळायचा नाही, तो झाडाच्याच बुडाशी पसरायचा. त्याने काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा कमी पडतात.

माझ्या निवृत्तीच्या वर्षीचा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. शहराला पाणी देणाऱ्या निळोणा व चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला होता. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येई आणि टँकर आला की भांडी घेऊन धावपळ होई. झाडांना पाणी घालणे हा त्या दिवसांत अपराधच वाटे. सौ. आणि मी बसून चक्क अंदाजपत्रक केले. पिण्याच्या पाण्यातला एक थेंबही झाडांना नाही. भाज्या-तांदूळ धुतलेले आणि आंघोळीचे पाणी तेवढे त्यांचे. जुन्या मडक्यांच्या तळाला छिद्र पाडून, सुती वात घालून ती बुंध्याशी पुरली. गुलाब आणि हिरवळ सोडून दिली. अकरांपैकी चार झाडे गेली. बकुळ वाचली. वळवाचा पहिला पाऊस आला तेव्हा बँकेत बढती मिळाल्यावरही झाला नव्हता एवढा आनंद झाला.

त्यानंतर मी रोपे तयार करू लागलो. निंबोळी, जांभूळ, मोह यांची बी ताजीच पेरावी लागते. ठेवून दिली की तिची उगवणशक्ती लवकर जाते. दुधाच्या रिकाम्या पिशव्या गल्लीभरातून गोळा करतो आणि आषाढात रोपे विनामूल्य देतो. अट एकच, कुठे लावणार आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे सांगितले पाहिजे. बँकेची सवय! तारणाशिवाय कर्ज नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्या आवडत्या चित्रपटांत एका छोट्या चित्रपटाची भर पडली. नातवाने तो मला दाखवला. कॅनडाच्या फ्रेडरिक बॅक यांनी 1987 साली केलेला हा अर्ध्या तासाचा चित्ररूप बोलपट, 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज'. त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले आहे. फ्रान्सच्या उजाड डोंगरात एक एकटा मेंढपाळ रोज रात्री ओकच्या शंभर बिया निवडतो आणि दुसऱ्या दिवशी पेरतो. तीन वर्षांत त्याने एक लाख बिया पेरल्या. वीस हजार उगवल्या. त्यांतल्या निम्म्या जातील हे धरून तो म्हणतो, दहा हजार झाडे राहतील. हे ऐकून मला हसू आले. बुडीत कर्जाची एवढी मोठी तरतूद करूनही समाधानी असलेला सावकार मी पाहिला नव्हता! नातवाने विचारले, "आजोबा, हा माणूस खरा होता का?" मी सांगितले, नाही. जाँ जिओनो या लेखकाने 1953 साली रचलेली ती कथा आहे. अनेकांना मात्र ती खरीच वाटली. नातू थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "पण झाडे तर खरी लावता येतात ना?"

त्या आषाढात मी कोयीपासून वाढवलेली आंब्याची दोन रोपे आणि मोहाचे एक रोप घेऊन त्या गावी गेलो. म्हातारी आई केव्हाच गेली होती. शेतकरी आता स्वतः वृद्ध झाला होता. शेती मुलगा पाहतो. "काहून जी साहेब, एवढ्या दुरून झाडं घेऊन आले?" त्याने विचारले. मी त्याला सगळे सांगितले: त्या वर्षी मुदत वाढवता आली असती, मला ठाऊक होते, मी बोललो नाही. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "मले माहीत होतं जी. गावातल्या दोघायनं घेतली होती मुदत. पण तुम्ही काही बोलले नाही, अन् मले इचाराची लाज वाटली."

इतकी वर्षे मला वाटत होते की त्याला माहिती नव्हती आणि मी ती दिली नाही. खरे तर त्याला फक्त एक शब्द हवा होता, ज्याने विचारण्याची लाज सुटली असती. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत, अडतीवर, जिनिंगमध्ये शेतकरी उधारीने येतो. वही चोख ठेवणे हा आपला धर्मच आहे. परंतु समोरचा माणूस गप्प आहे म्हणजे त्याला काही म्हणायचे नाही, असे मी आता समजत नाही.

मुलगा धुऱ्यावर झाड लावायला तयार नव्हता. सावलीने कापूस कमी येतो, हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेवटी नाल्याच्या काठी जागा ठरली आणि बोराटीचे कुंपण केले. पहिल्याच हिवाळ्यात एक आंबा शेळीने खाल्ला; पुढच्या आषाढात मी दुसरा नेला. यंदा गेलो तेव्हा तिन्ही रोपे जिवंत होती. आंबे खांद्याला लागले आहेत. मोह हळू वाढतो, तो जेमतेम कमरेएवढा झाला आहे. मुलगा म्हणाला, "याले फुलं याले आणखी दहा वर्षं तरी पाहिजेत, साहेब."

मी आज 67 वर्षांचा आहे. ते येणे माझ्या हयातीत वसूल होईल की नाही, सांगता येत नाही. म्हणून त्या तीन झाडांचा पत्ता नातवाला सांगून ठेवला आहे. दर उन्हाळ्यात एकदा तिकडे जायचे, हे त्याने कबूल केले आहे.