दाद मागणारे गाणे

मराठीत 'दाद' हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. मैफलीत रसिक दाद देतात आणि अन्यायाने गांजलेला माणूस न्यायासनापुढे दाद मागतो. मूळ फारसी शब्दाचा अर्थ 'न्याय' असाच आहे, पण साहित्य-संगीताच्या चर्चेत आपण तो विसरून गेलेलो असतो. बिली हॉलिडेचे 'स्ट्रेंज फ्रूट' ऐकताना मला हे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकलेले दिसतात.

या गाण्याची हकीकत एका छायाचित्रापासून सुरू होते. ७ ऑगस्ट १९३० रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मॅरियन या गावी जमावाने तुरुंग फोडला आणि थॉमस शिप व अब्राम स्मिथ या दोन कृष्णवर्णीय तरुणांना मारून झाडाला टांगले. लॉरेन्स बाइटलर या स्थानिक छायाचित्रकाराने त्या रात्री टिपलेल्या चित्रात वर दोन देह आहेत आणि खाली गोऱ्या स्त्री-पुरुषांची गर्दी. गर्दीतले काही चेहरे चक्क हसरे आहेत. या छायाचित्राच्या हजारो प्रती आठवण म्हणून विकत घेतल्या गेल्या. म्हणजे पाहणाऱ्यांची एक दाद या चित्राला आधीच मिळालेली होती.

हेच छायाचित्र न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात शिकवणाऱ्या एबल मीरोपोल या ज्यू शिक्षकाच्या पाहण्यात आले. त्याने लिहिलेली कविता १९३७ मध्ये शिक्षकांच्या संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली आणि पुढे त्यानेच तिला चाल लावली. कवितेची रचना वरवर अगदी साधी आहे. दक्षिणेतले झाड, फुलांचा गंध, वारा, पाऊस, पक्षी असा निसर्गकवितेचा ठरीव ऐवज तिच्यात आहे आणि त्या ऐवजातच ते प्रेत लोंबते आहे. छायाचित्रातली गर्दी मात्र तिने गाळली. मारणारे कोण, हे कवितेत येत नाही. त्यामुळे झाडाखालची ती जागा रिकामी राहते आणि ऐकणाऱ्याला नकळत तिथे जाऊन उभे राहावे लागते.

बिली हॉलिडेने हे गाणे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या 'कॅफे सोसायटी'त गायला सुरुवात केली. काळे आणि गोरे श्रोते शेजारी शेजारी बसू शकतील, असे ठिकाण त्या काळात विरळाच. मालक बार्नी जोसेफसन याने या गाण्यासाठी काही नियम घालून दिले होते. ते कार्यक्रमाच्या अखेरीस व्हायचे. वेटर हातातले काम थांबवत, सगळे दिवे विझत, फक्त गायिकेच्या चेहऱ्यावर एक झोत उरे. गाणे संपले की पूर्ण अंधार, आणि दिवे लागत तेव्हा मंच रिकामा असे. पुन्हा येऊन अभिवादन नाही, 'वन्स मोअर' नाही. दाद द्यायची तर ती घ्यायला समोर कोणी नसे.

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात दलित साहित्याच्या संदर्भात कृष्णवर्णीयांच्या साहित्याविषयी बोलताना मी हे ध्वनिमुद्रण ऐकवले. गाणे संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, याला सुंदर म्हणायचं का?" सौंदर्यशास्त्राच्या तासांना आम्ही जे काही शिकवतो, त्याला हा प्रश्न सरळ भिडणारा होता. त्याचे एका वाक्यातले उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, आजही नाही. मात्र त्या प्रश्नाची परंपरा जुनी आहे, एवढे सांगता येते.

गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. गुलाम गातात ते सुखी आहेत म्हणून, असे उत्तरेतले लोकही समजत, याचे त्याला आश्चर्य वाटते. त्याच्या दृष्टीने ती गाणी दुःखाची आणि दास्याविरुद्धच्या साक्षीची होती. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक'मध्ये प्रकरणांच्या माथ्यावर याच 'शोकगीतां'च्या सुरावटी छापल्या आणि शेवटचे प्रकरण त्यांनाच वाहिले. म्हणजे गाणाऱ्याने तक्रार केली नव्हती असे नाही. ऐकणाऱ्याने तिला मनोरंजन समजून घेतले होते. 'कॅफे सोसायटी'तला तो अंधार अशा ऐकण्याची वाट अडवण्यासाठी होता. सुंदर म्हणायला हरकत नाही, पण तेवढे म्हणून सुटका नाही, असे काहीसे तो सांगत असावा.

सत्तेला मात्र या गाण्याचा अर्थ लगेच कळला. हॉलिडेची कोलंबिया कंपनी ते ध्वनिमुद्रित करायला तयार झाली नाही. २० एप्रिल १९३९ रोजी 'कमोडोर' या छोट्या कंपनीने ते केले. हे गाणे लिहिण्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने पैसे दिले होते काय, अशी विचारणा मीरोपोलला न्यूयॉर्क राज्याच्या चौकशी समितीपुढे झाली. आणि न्याय? टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ माणसे झुंडबळी गेली, त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होती. झुंडबळीविरोधी विधेयक १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडवले गेले, पुढेही तसेच होत राहिले. झुंडबळी हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरला तो मार्च २०२२ मध्ये, हॉलिडेच्या मृत्यूनंतर बासष्ट वर्षांनी. गाण्याने कायदा होत नाही, हे खरे. पण कायदा नसलेल्या काळात 'हा गुन्हा आहे' हे वाक्य कुठेतरी उच्चारले जावे लागते, आणि ते काम तीन मिनिटांची एक तबकडी करत राहिली.

आपल्याकडे या इतिहासाविषयी आस्था आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये द्यु बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव 'ब्लॅक पँथर'वरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीला परिचय करून दिला. वंश आणि जात एक नव्हेत, हे मान्य करूनही हे नाते खरे आहे. पण आमच्या अभ्यासक्रमांत ते बहुधा छापील शब्दापाशी थांबते. आंबेडकरी जलशांनी, वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांनी गावोगाव जे गाऊन पोचवले, त्याला वाङ्मयेतिहासात एखादा परिच्छेद मिळतो. आणि जयंतीला वस्तीत तीच गाणी लागली की 'आवाज फार होतो' अशी तक्रार करणाऱ्यांत 'ब्लूज'विषयी हळुवारपणे बोलणारे लोकही असतात.

आवाज फार होतो, हे कधी कधी खरेही असेल. पण तो कशाविषयी आहे, हे विचारण्याच्या आत आपण खिडकी लावून घेतो. दूरच्या गाण्याला दाद देणे सोपे जाते, कारण ते आपल्यापाशी दाद मागत नाही. त्या मुलीचा प्रश्न मी आता दर वर्षी वर्गात स्वतःहूनच विचारतो, आणि 'स्ट्रेंज फ्रूट'च्या पाठोपाठ वामनदादांच्या आवाजातले एक गाणे लावतो.