काळा पडदा परवडला

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून एक रस्ता भोसरीमार्गे चाकणला जातो, दुसरा पिंपरीतून मुंबईकडे. या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांत नियंत्रण कक्ष असतात, भिंतभर पडदे असतात आणि ते सांभाळायला वेगळी माणसं असतात. त्याच कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये चार-सहा मशिन्स, एक सुपरवायझर आणि गेटवर एक वॉचमन. माझं काम या शेडमधलं. मालाची गाडी आली का, प्लेटिंगला गेलेले क्रेट परतले का, हे जागेवरून न उठता दिसावं, एवढीच शेठची मागणी असते. त्यासाठी टीव्हीच्या पाठीला मी तळहातावर मावणारा एक संगणक बसवते. बहुतेक वेळा तो रास्पबेरी पाय असतो.

नेटवर्कवरून येणारं दूरच्या कॅमेऱ्यातलं जिवंत चित्र आणि हा छोटा संगणक, दोघांचंही मूळ केंब्रिजमध्ये सापडतं. १९९१ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला गेला. इतर मजल्यांवरून कॉफीसाठी येणाऱ्यांना भांडं रिकामं मिळू नये, एवढाच हेतू. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, तेही रंगाविना. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि २००१ पर्यंत जगभर पाहिलं गेलं. त्याच प्रयोगशाळेतल्या एबन अप्टन आणि सहकाऱ्यांनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून स्वस्त संगणकाचा ध्यास घेतला, आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय बाजारात आला. त्याचा प्रोसेसर तसा मंदच होता, ७०० मेगाहर्ट्झचा. पण त्याच चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्याची स्वतंत्र यंत्रणा होती. मुलांसाठी बनलेली पाटी आमच्या धंद्यात आली ती या यंत्रणेमुळे.

एनव्हीआरलाच, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरलाच टीव्ही जोडला तर काय बिघडतं, असं शेठ हमखास विचारतात. एनव्हीआर असतो ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात. पडदा हवा असतो गेटवर किंवा डिस्पॅचला. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची राहत नाही, नेटवर्कची केबल शंभर मीटर जाते. म्हणून चित्र नेटवर्कवरून न्यायचं आणि पडद्यापाशी उलगडायचं.

हे उलगडणं समजून घेण्यासारखं आहे. फुल एचडी चित्र सेकंदाला २५ वेळा, न दाबता पाठवायचं तर दर सेकंदाला सुमारे ६२० मेगाबिट लागतील. कॅमेरा ते चारेक मेगाबिटांत बसवतो, आणि त्याची रीत दुकानातल्या खातेवहीची आहे. अधूनमधून पूर्ण शिल्लक लिहायची, म्हणजे अख्खं चित्र; मधल्या काळात फक्त जमा-नावे, म्हणजे आधीच्या चित्रात काय बदललं तेवढंच. एखादी नोंद गहाळ झाली की पुढची पूर्ण शिल्लक येईपर्यंत सगळा हिशेब चुकतो. पडद्यावर माणसाचं डोकं करड्या ओघळासारखं पसरतं ते यामुळे.

पाटी निवडताना नवीन ती चांगली असं समजू नये. चित्र दाबण्याच्या एच.२६४ आणि एच.२६५ या दोन्ही पद्धतींचं चित्र २०१९ चा पाय ४ हार्डवेअरवर उलगडतो. २०२३ च्या पाय ५ मधून एच.२६४ ची यंत्रणा काढून टाकली. तो भार आता मुख्य प्रोसेसर उचलतो. जुने कॅमेरे एच.२६४ चेच. पाय ५ चा प्रोसेसर दणकट आहे, पण पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात बंद डब्यातली पाटी ८० अंशांवर पोचली की स्वतःच वेग कमी करते. म्हणून चार कॅमेरे एका टीव्हीवर लावताना कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह घेऊ नये. फुल एचडी पडद्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ९६० बाय ५४० ठिपकेच येतात. तिथं सबस्ट्रीम, म्हणजे कॅमेऱ्याचा कमी ठिपक्यांचा दुय्यम प्रवाह पुरतो.

आता खरा मुद्दा. कॅमेऱ्याशी बोलण्याची आरटीएसपी ही पद्धत १९९८ पासूनची. तिच्यात चित्र यूडीपीवरून मागवता येतं किंवा टीसीपीवरून. यूडीपीत हरवलेला तुकडा हरवला. चित्र फाटतं, आणि काहीतरी बिघडलंय हे वॉचमनलाही कळतं. टीसीपी हरवलेला तुकडा पुन्हा मागवतो, चित्र स्वच्छ राहतं, ग्राहक खूश होतो. मात्र केबल सुटली किंवा स्विच बंद पडला की बरेच प्लेअर शेवटचं स्वच्छ चित्र तसंच धरून बसतात. रिकाम्या डॉकचं चित्र अडकतं, बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत राहतो आणि आत सगळे निवांत. पडदा काळा पडला असता तर कुणीतरी उठलं असतं. अडकलेलं चित्र माणसाला खात्रीने खोटं सांगतं. त्यापेक्षा काळा पडदा परवडला.

यावर लोक पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ लावतात. ते पायने काढलेलं असेल तर फुकट आहे, कारण चित्र अडकलं तरी ते चालूच राहतं. वेळ कॅमेऱ्यानेच चित्रात छापलेली हवी. तिच्या जोडीला मी एक छोटा प्रोग्रॅम ठेवते: पाच सेकंदांत नवं चित्र आलं नाही तर पडदा काळा करायचा, कॅमेऱ्याचं नाव आणि ‘चित्र बंद’ ही अक्षरं दाखवायची आणि प्लेअर पुन्हा सुरू करायचा. पाटीच अडकली तर तिच्यातला वॉचडॉग तिला रीस्टार्ट करतो.

विजेचं प्रकरण वेगळं. आपल्याकडे गुरुवार म्हणजे महावितरणच्या दुरुस्तीचा आणि एमआयडीसीच्या सुट्टीचा वार. लिहिण्याच्या मध्येच वीज गेली तर पायचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. म्हणून कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही अशी सोय करावी. ओव्हरले नावाची ती सोय पायच्या सेटिंगमध्येच मिळते. टीव्हीच्या यूएसबीमधून पायला वीज देऊ नये. ती पुरत नाही, आणि टीव्ही बंद केला की पाटीचाही गळा दाबला जातो. पाय ४ आणि त्याआधीच्या पाट्यांत स्वतःचं घड्याळच नाही. इंटरनेट नसलेल्या शेडमध्ये वीज परतल्यावर त्यांची वेळ मागे राहते. एनव्हीआरकडून ती मागून घ्यावी.

दोन गोष्टींना मी नकार देते. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत चित्राला अर्धा ते दोन सेकंद लागतात. पडदा पाहून प्रेस चालवू, असं कुणी म्हटलं तर मी काम घेत नाही. हाताच्या सुरक्षेसाठी प्रेसला थेट तारेनं जोडलेला लाइट कर्टनच हवा, म्हणजे हात आडवा आला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा. दुसरं, कॅमेऱ्याचा कंपनीकडून आलेला पासवर्ड मी तसाच ठेवू देत नाही. २०१६ मध्ये मिराई या विषाणूने असेच पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठ्या वेबसाइट ठप्प केल्या. पायलाही कॅमेऱ्यावर फक्त पाहण्यापुरतं खातं द्यावं.

हे काम करून घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. चित्र किती झकास दिसतं यावर पैसे देऊ नका. बसवणाऱ्याला सांगा, ‘दादा, आता त्या कॅमेऱ्याची केबल काढा.’ मग पडद्याकडे बघा. दहा सेकंदांत पडद्याने चूक कबूल केली आणि केबल लावल्यावर कुणी हात न लावता चित्र परत आलं, तर बिल चुकतं करा.