राजपुत्राचं वजन

बटण दाबलं की पडद्यावरच्या पात्रानं त्याच क्षणी उडी मारावी, अशी उड्या मारायच्या गेमची रीत असते. मारिओ तर हवेत असतानाही दिशा बदलतो. जॉर्डन मेकनरच्या 1989च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तला राजपुत्र मात्र आपलं ऐकतो ते त्याच्या सवडीनं. धावताना थांबवा, तो घसरतच थांबतो. वळवा, तर आधी अंग फिरवतो. उडीला निमिष उशीर झाला की कडेवरून थेट सुळ्यांवर. या गेमवर चिडावं ते याच वजनापायी, आणि त्यावर जीव जडतो तोही त्याच्याचमुळे.

हे वजन खऱ्या देहाचं आहे. मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना, वर चढताना व्हिडिओवर टिपलं आणि त्या हालचाली एकेक चित्र करत ‘ॲपल टू’ संगणकात उतरवल्या. तलवारबाजी घेतली 1938च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातून. म्हणून मूठभर पिक्सेलांचा तो पोरगा कड्याला बोटांनी लटकला की आपले खांदे दुखतात.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासांतून हा गेम फ्लॉपीवरून फिरत असे. शिकायला डॉस, आणि सर बाहेर गेले की राजपुत्र. आमच्यात दोघांनी मिळून खेळायची पद्धत होती: बाणांची बटणं एकाकडे, ‘शिफ्ट’ दुसऱ्याकडे. जपून पाऊल टाकणं, कडा पकडणं सगळं ‘शिफ्ट’वर, त्यामुळे मेल्याचा दोष कायम दुसऱ्याचा!

माझ्या मते गेममधली सर्वांत सुंदर गोष्ट मेमरीच्या टंचाईतून आली. नवं पात्र रेखाटायला जागाच उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रं जराशी सरकवून स्वतःवर चढवली आणि त्यातून एक चमकती सावली तयार झाली. राजपुत्र आरशातून उडी मारतो तेव्हा ती पलीकडून बाहेर पडते. पुढे त्याचं औषध पिऊन टाकते, ऐन वेळी दार लावून त्याला खाली पाडते. शेवटी समोरासमोर आल्यावर तिला मारलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. करायचं एवढंच, की तलवार म्यान करायची आणि तिच्यात मिसळून जायचं. सगळा गेम हात चालवायला शिकवतो आणि इथं हात आवरायला लावतो, तेही कुठलीही सूचना न देता.

याच मालिकेत 2003 साली आलेल्या ‘सँड्स ऑफ टाइम’नं मरण स्वस्त केलं. त्याची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालावरच्या हल्ल्यानं होते; तिथं लुटलेल्या खंजिरात काळ मागे फिरवण्याची शक्ती असते. चुकीची उडी पडली की बटण दाबून धरायचं, राजपुत्र उलटा वर येतो. खंजिरातली वाळू मर्यादित, म्हणून थोडी धाकधूक शिल्लक राहते. भिंतीवरून आडवं धावत जाऊन खांबाला झेप घालणं तर अजूनही कुठल्या गेममध्ये इतकं डौलदार झालेलं मला दिसत नाही. पण मध्येच दार बंद होतं आणि वाळूची भुतं उगवतात. एकाला लोळवलं की दुसरं हजर, आणि पडलेल्याला खंजिरानं शोषून घेतलं नाही तर ते पुन्हा उभं. बहुतेकांवर एकच युक्ती चालते: डोक्यावरून कोलांटी मारा, मागून वार करा. त्यात कॅमेरा नको तेव्हा फिरून भिंतीत तोंड खुपसून बसतो. ज्या गेमनं मरणावरचा उतारा इतका विचारपूर्वक शोधला, त्यानं मारामाऱ्या रटाळ का ठेवाव्यात?

त्या मारामाऱ्या वगळायची सोय असती, तर हा दुसरा गेम मी एका बैठकीत पुन्हा खेळले असते. पहिल्यातलं मात्र एकही मरण कमी करू नये. त्याचं साठ मिनिटांचं घड्याळ तेवढं जाचक आहे. राजपुत्र मरून लेव्हल पुन्हा सुरू होते, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. राजकन्येला कैद करणाऱ्या वजिरापेक्षा माझा जास्त राग त्या घड्याळावर आहे.