सुभेदारांच्या माघारी

मध्य भारतातल्या जुन्या संस्थानांचा नकाशा पसरला की इंदूरच्या रंगाचा एक ठिपका भलत्याच जागी सांडलेला दिसतो. राजधानीपासून कितीतरी दूर, वर उत्तरेला, चहूबाजूंनी परक्या संस्थानांनी वेढलेला. हा आलमपूर परगणा, आजच्या मध्य प्रदेशातल्या भिंड जिल्ह्यातला. इतक्या लांबचा तुकडा होळकरांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळला, तो काही महसुलाच्या लोभाने नव्हे. २० मे १७६६ रोजी सुभेदार मल्हारराव होळकर इथे वारले आणि त्यांच्या सुनेने, अहिल्याबाईंनी, इथे त्यांची छत्री उभारली.

सुभेदार उत्तरेच्या मोहिमेवर होते. सत्तरी उलटली होती, कानाच्या दुखण्याने बेजार केले होते, तरी मुक्काम छावणीतच. घरी अंथरुणावर पडून मरणाची वाट पाहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. म्हणूनच ते जाणे वयाला शोभणारे असले तरी मागे राहिलेल्यांना अवचितच वाटले असणार. अहिल्याबाई तेव्हा एक्केचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पती बारा वर्षांपूर्वी गेलेला, सासूबाई गौतमाबाई पाच वर्षांपूर्वी. आता मामंजीही गेले.

हे नाते जुळले १७३३ मध्ये, चौंडीच्या पाटलांची लेक होळकरांची सून झाली तेव्हा. गावच्या देवळात सुभेदारांनी ही मुलगी पाहिली आणि हेरली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट देखणी आहे, खरी असो वा नसो. अधिक भरवशाचा प्रसंग १७५४चा. भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. एकुलता मुलगा गेलेला, सून सती जायला निघालेली. मल्हाररावांनी तिला अडवले. आता तूच माझा मुलगा, हा सारा पसारा मी कोणाच्या भरवशावर टाकू, अशा आशयाचे त्यांचे आर्जव परंपरेने जपले आहे.

त्या आर्जवात थोडा स्वार्थही होता, आणि माझ्या मते त्याचे मोल त्यामुळेच वाढते. नुसत्या दयेने थांबवलेली सून उरलेले आयुष्य माजघराच्या अंधारात जपमाळ ओढत बसली असती. मल्हाररावांना तिची खरोखरच गरज होती, म्हणून त्यांनी तिला कामाला जुंपले. हिशेब, वसुली, फौजेची रसद. १७६५च्या एका पत्रात ते तिला चंबळ उतरून ग्वाल्हेरला जायला सांगतात. तिथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना ठेवावा, त्याच्या दारूगोळ्याची तजवीज करावी, पुढच्या वाटेवर चौक्या बसवाव्यात. अठराव्या शतकातल्या सासऱ्याने विधवा सुनेला लिहिलेले हे पत्र आहे! सरदाराला हुकूम द्यावा तसे.

हा माणूस असा का होता, याचा एक धागा त्याच्या बालपणात सापडतो. जन्म १६९३चा, नीरेकाठच्या होळ गावचा. वडील लवकर गेले आणि आई पोराला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे आली. हे मामा म्हणजे भोजराज बारगळ. त्यांनी भाच्याला वाढवले, शिलेदारीत घातले आणि आपली मुलगी गौतमा त्याला दिली. सासऱ्याने हात दिला की माणूस कुठवर पोचतो, हे मल्हाररावांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पानिपतच्या रणातून ते बाहेर पडले, याबद्दल मराठी इतिहास त्यांना अजून बोल लावतो. लावू दे. त्या वादात सुनेची साक्ष कोणी काढत नाही. तिचा शोक आणि तिचा कौल, दोन्ही दगडांत आणि दप्तरांत शोधावे लागतात.

शोक करायला सवडही फारशी मिळाली नाही. गादीवर आलेला सुभेदारांचा नातू, म्हणजे अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव वर्ष उलटायच्या आत वारला. दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तकाचा घाट घातला, पेशव्यांचे काका राघोबादादा फौज घेऊन आले. अहिल्याबाई अडून बसल्या, पेशवे थोरल्या माधवरावांनी त्यांची बाजू घेतली आणि दौलत त्यांच्या हाती राहिली. फौजेसाठी त्यांनी निवडले तुकोजी होळकरांना. मल्हाररावांच्या तालमीत तयार झालेला हा माणूस, पण त्यांचा मुलगा नव्हे. तरीही त्याच्या मुद्रेवर 'मल्हाररावांचा पुत्र' अशी ओळख कोरली गेली. ब्रिटिश अधिकारी माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात (१८२३) ही नोंद केली आहे; तुकोजी वयाने मोठे असूनही बाईंना आई म्हणत, असेही तो लिहितो. गेलेल्या सासऱ्याला सुनेने नवा मुलगा मिळवून दिला, तोही सरकारी शिक्क्यानिशी.

खाजगीचे, म्हणजे घरातल्या स्त्रियांच्या स्वतंत्र दौलतीचेही तसेच. १७३४ मध्ये पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे वेगळी जहागीर दिली होती. त्यांच्यामागे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून सोमनाथपर्यंतच्या देवळांसाठी, घाटांसाठी आणि धर्मशाळांसाठी आज सगळे बाईंचेच नाव घेतात, पण त्या दानधर्मामागे सासूच्या वाट्याची ही दौलत होती.

मल्हाररावांनी एकदा अडवले, पण चितेची ती वाट घरातून बंद झाली नाही. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि लेक मुक्ताबाई सती जायला निघाल्या. आईने परोपरीने विनवले. मुलीने ऐकले नाही. मामंजींच्या शब्दाने सून थांबली होती; आईच्या शब्दाने लेक थांबली नाही. तो सारा वेळ अहिल्याबाई तिथे उभ्या होत्या आणि त्यांना दोघांनी धरून ठेवावे लागले, असे माल्कम सांगतो.

त्याच्या आदल्याच वर्षी, १७९० मध्ये, जेजुरीत होळकरांच्या कुलदैवताच्या गडाखाली एक देऊळ पुरे झाले होते. नाव मल्हार-गौतमेश्वर, सासऱ्याचे आणि सासूचे नाव एकत्र गुंफून महादेवाला दिलेले. पिंडीमागे मल्हारराव आणि त्यांच्या तिघी स्त्रिया, गौतमाबाई, द्वारकाबाई आणि बनाबाई, संगमरवरात उभ्या आहेत. घरातली ज्येष्ठता, कुरबुरी, मानपान हे सगळे विसरून एका ओळीत! काम सुरू केले अहिल्याबाईंनी, आणि पूर्ण केले तुकोजींनी. पैशाच्या हिशेबावरून बाईंशी त्यांचे वर्षानुवर्षे खटके उडत होते, पण बापाच्या देवळाचे काम त्यांनी अर्धे टाकले नाही.