कोथिंबिरीच्या फुलाखाली

कोथिंबीर फुलावर आली की स्वयंपाकघराच्या मनातून उतरते. पानं शेपूसारखी विरळ होतात, देठ जून होतो. जुडीत असा एखादा दांडा निघाला की भाजीवाल्याचा उद्धार ठरलेला. मला ती तिथून पुढे आवडू लागते.

देठाच्या टोकाशी एकाच बिंदूतून चार-सहा काड्या फुटतात आणि प्रत्येक काडीवर पुन्हा तसाच इवला पसारा. छत्रीवर छत्र्या. कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या, पांढऱ्या, किंचित गुलाबी. किड्यांना सगळा घोस मिळून एकच फूल वाटावं, अशी ही चलाखी. ती कुणालाही दिसते. मान वाकवून पाहायचं ते त्याच्या खाली. प्रत्येक छोट्या छत्रीच्या बुडाशी दोन-तीन हिरवे तंतू असतात, तेही फक्त बाहेरच्या बाजूला. ही छदकं, म्हणजे फुलोऱ्याखालची चिमुकली पानं. मोठ्या छत्रीखाली अशी पानं असली तर ती छदं; पण कोथिंबिरीत तिथे बहुधा काहीच नसतं.

गाजराचा थाट निराळा. त्याच्या मोठ्या छत्रीखालीच लांब, चिरत गेलेल्या छदांची झालर असते. जिऱ्याची छदं दोऱ्यासारखी. शेपू आणि बडीशेप यांच्याकडे मात्र दोन्ही मजल्यांवर शुकशुकाट. या साऱ्यांचं मिळून एकच, एवढं मोठं कूळ, पानाफुलांत इतकं सारखेपण, की अभ्यासकाला शेवटी या क्षुल्लक हिरव्या रेघाही मोजाव्या लागतात.

आणि कधी कधी त्या मोजण्यावर जीव अवलंबून असतो. इ.स.पू. 399 मध्ये अथेन्सात सॉक्रेटिसला जे हेमलॉक पाजलं, ते याच कुळातलं. युरोपातल्या बागांत ‘फूल्स पार्सली’ नावाचं आणखी एक विषारी तण उगवतं, पानांनी थेट पार्सलीसारखं. त्याची पक्की खूण म्हणजे छोट्या छत्र्यांखाली लोंबणारी तीन-चार लांब छदकं. गंमत अशी की ही खूण फुलोऱ्यात दिसते, आणि पार्सली तर पानांसाठी फुलाआधीच खुडतात! तोवर वासावरच भिस्त.

आपल्या कोथिंबिरीत तसलं काही भय नाही. डब्यातला अख्खा धना भिंगाखाली धरा. टोकाशी बारीक दात दिसतील. ते निदलांचे, फळाला चिकटून राहिलेले. छदकं केव्हाच वाळली, झोडपताना तुटली आणि पाखडताना कोंड्याबरोबर सुपाबाहेर गेली.