पाहुण्याचा पाट

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणांत औषधाची एक रिकामी डबी आहे. तिच्यांत नखाएवढ्या तीन हिरव्या पाट्या पडलेल्या असतात. आमच्या घरांत त्यांना 'बाबांच्या टिकल्या' म्हणतात. बाजारांत त्यांचें नांव ॲडॅप्टर. या क्षुल्लक टिकल्यांच्या पायीं गेल्या वर्षीं माझी जी फजिती झाली, ती अजून मनांतून जात नाहीं. ती एकदां सांगून टाकावी, एवढाच या लेखाचा हेतु.

मला घरीं ध्वनिवर्धक बांधण्याचा छंद आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकानें हातांत सोल्डरिंग आयर्न धरावें, हें माझ्या सहकाऱ्यांना अजूनहि चमत्कारिक वाटतें. पण कुणी गुलाब लावतो, कुणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो. मी कथलाच्या धुरांत रमतों. १९९४ सालीं, नोकरीचा पहिला पगार हातीं आला तेव्हां, ग्रामोफोनच्या सुईपासून येणारा क्षीण संदेश वाढविणारें एक यंत्र मीं बांधलें. त्याच्या पोटांत एनई-५५३२ या जातीच्या दोन चिपा बसविल्या, एक डाव्या बाजूच्या आवाजासाठीं व एक उजव्या. (पुण्याच्या तपकीर गल्लींत 'चिप' म्हणालांत तर दुकानदार नवखें गिऱ्हाईक ओळखतो, तिथला शब्द 'आयसी'.) काळीभोर, चौकोनी, दोन्ही बाजूंना चार-चार पाय, एखादें झुरळ दबा धरून बसावें तशी ही चिप दिसते. तिच्या शेजारच्या दोन पायांमधलें अंतर २.५४ मिलीमीटर, म्हणजे इंचाचा बरोबर दहावा भाग. १९६४ सालीं अमेरिकेंतल्या फेअरचाइल्ड कंपनींत हा आकार जन्मास आला, आणि माणसाच्या बोटांना व डोळ्यांना तो असा कांहीं मानवला, कीं दोन पिढ्यांचे छांदिष्ट त्याच्यावर वाढले. बोर्डाला भोकें पाडावीं, त्यांत सॉकेट बसवावें, सॉकेटांत चिप हलकेच दाबावी. नकोशी झाली कीं उपटून दुसरी लावावी. सून बदलण्याइतकें तें अवघड नव्हतें.

पुढें कारखान्यांतून माणसांचीं बोटें गेलीं आणि यंत्रांचे चिमटे आले. यंत्राला भोकांची यातायात नको असते. चिपा बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटूं लागल्या. पायांमधलें अंतर १.२७ मिलीमीटरवर आलें, कांहींचें तर ०.६५ वर. जागा वांचली, पैसा वांचला, आणि पूर्वीं टेबल व्यापणारीं यंत्रें खिशांत मावूं लागलीं. तक्रार करावी असें त्यांत कांहीं नाहीं. पण नव्या चिपांपैकीं कित्येक जुन्या आकारांत निघेनाशाच झाल्या. २००९ सालीं आलेली ओपीए-१६१२ ही त्यांतलीच एक. तिचा अंगचा खरखराट माझ्या जुन्या चिपेच्या सुमारें एक-पंचमांश, असें तिच्या माहितीपत्रकांत मीं वाचलें आणि मला झोंप येईना. मात्र तिची लांबी पुरी पांच मिलीमीटरहि नाहीं. आंबेमोहोराचा दाणा जेवढा, तेवढीच ती. एवढासा पाहुणा जुन्या सॉकेटाच्या ऐसपैस ओटीवर बसायचा कसा? त्याला पाट हवा. ॲडॅप्टर म्हणजे तो पाट. वरच्या अंगाला दाण्याएवढ्या चिपेसाठीं बारीक ठसे, कडेला जुन्या मापाच्या आठ सुया, आणि दोहोंना जोडणाऱ्या तांब्याच्या रेघा. स्वतः तो कांहीं करीत नाहीं, करूंहि नये.

मीं सहा पाट आणले. त्यांच्याबरोबर मिळालेल्या सुया जाड व चौकोनी होत्या. त्या सॉकेटांत रेटल्यानें आंतल्या पितळी पात्या कायमच्या फाकतात व मग जुनी, पातळ पायांची चिप तिथें सैल बसते, हें मला एक सॉकेट बिघडवल्यावर समजलें. बारीक, गोल, कातीव सुया मिळविण्यांत पंधरा दिवस गेले. मग एका रविवारीं सकाळीं, भिंग डोळ्याला लावून, मी बसलों.

हें काम विशीच्या डोळ्यांचें आहे, पन्नाशीच्या नव्हे. आधीं एकाच कोपऱ्याच्या ठशावर कथलाचा कण ठेवावा. चिमट्यानें चिप धरून तो कण वितळवावा, म्हणजे एक पाय अडकतो. मग श्वास रोखून पाहावें: सातहि पाय आपापल्या ठशांवर सरळ आले आहेत काय? नसले तर अजून वेळ गेलेली नाहीं. असले तर समोरचा तिरपा कोपरा पक्का करावा, आणि मग उरलेले. पहिल्या खेपेस चिप चिमट्यांतून निसटून सतरंजींत गेली. ती सौभाग्यवतींनीं शोधून दिली, कारण तांदूळ निवडणाऱ्या डोळ्यांना तें काम नवें नव्हतें. दुसऱ्या खेपेस मीं चिप उलटी लावली, आणि तो पाट वाया गेला. दुपारीं तीनपर्यंत दोन पाट सजले. पाठ धरली होती, पण परीक्षेंत पहिल्या आलेल्या मुलासारखा मी घरभर हिंडत होतों.

त्याच सायंकाळीं चार मित्रांना बोलाविलें. किशोरी आमोणकरांच्या भूपाची तबकडी लावली आणि मीं बोलावयास आरंभ केला. तीस वर्षें कवितेवर बोलून विशेषणें जिभेवर तयार असतात. तंबोऱ्याभोंवतीं हवा खेळूं लागली आहे, स्वरावरचा एक पडदा दूर झाला आहे, तार षड्जाला एक नवें तेज आलें आहे, असें मी म्हणालों. मित्रांनाहि तें ऐकूं येऊं लागलें. एकजण तर डोळे मिटून "वाहवा!" म्हणाला.

चौथ्या दिवशीं यंत्राचें झांकण काढून चिपेला सहज बोट टेकवलें, तों चटका बसला. इतकी ऊब येण्याचें कारण नव्हतें. माझा एक जुना विद्यार्थी पदार्थविज्ञान शिकवितो. त्याच्या प्रयोगशाळेंत यंत्र घेऊन गेलों. त्यानें ऑसिलोस्कोपची तार चिपेला लावली, आणि संगीत बंद असतांना ज्या पडद्यावर एक सरळ रेघ दिसावयास हवी, त्यावर हिरवा जाड पट्टा उमटला. "सर," तो अत्यंत आदरानें म्हणाला, "हा आतां ध्वनिवर्धक राहिला नाहीं, रेडिओचें प्रक्षेपणकेंद्र झालें आहे!"

चिप स्वतःशींच थरथरत होती, सेकंदाला लक्षावधि वेळां. माणसाचा कान फार तर २०,००० आंदोलनांपर्यंत पोंचतो; माझा तर बारा-तेरा हजारांवरच थांबतो. कारण साधें होतें. नवी चिप जुनीपेक्षां कितीतरी चपळ. आणि चपळ चिपेला वीजपुरवठा अगदीं हाताशीं लागतो. माझ्या १९९४ च्या बोर्डावर पुरवठ्याचे कपॅसिटर दोन इंच दूर होते. जुन्या, सावकाश चिपेला तेवढें चालून गेलें होतें. त्यांत पाटाच्या सुयांची उंची वाढली. विद्यार्थ्यानें पाटाच्या खालच्या अंगाला, चौथ्या व आठव्या पायांमध्यें, ०.१ मायक्रोफॅरडचा इवलासा कपॅसिटर डकविला. दुसऱ्या पाटालाहि तसेंच केलें. पट्टा नाहींसा झाला, रेघ सरळ झाली.

घरीं येऊन तीच तबकडी लावली. तेज गेलें होतें.

मग ती थरथर मीं ऐकली होती कीं केवळ माझीं विशेषणें ऐकलीं होतीं? हा प्रश्न मला चैन पडूं देईना. शेवटीं मुलीला कामाला लावलें. मीं पाठ करून बसावें, तिनें कधीं जुन्या चिपा, कधीं नव्या बसवाव्या, किंवा नुसताच बसविण्याचा आवाज करावा, आणि मीं ओळखावें. बारा वेळां हा खेळ झाला. "बाबा, आतां कोणती?" या प्रश्नाला मीं दर खेपेस ठामपणें उत्तर दिलें. सात बरोबर आलीं, पांच चुकलीं. नाणें उडवून याहून फार वाईट निकाल आला नसता. त्यांतून, माहितीपत्रक पुन्हा नीट वाचतां आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. खरखराटाचे आंकडे दोन असतात. एक विद्युद्दाबाचा, एक प्रवाहाचा. दुसऱ्या आंकड्यांत नवी चिप जुनीच्या दुपटीहूनहि अधिक आहे, आणि ग्रामोफोनच्या सुईमागें असलेल्या तारेच्या वेटोळ्यांपुढें तोच महत्त्वाचा ठरतो. मला प्रिय होता तेवढाच आंकडा मीं वाचला होता. विद्यार्थ्यांच्या निबंधांत हाच दोष मी लाल पेन्सिलीनें दाखवीत आलों आहें.

नव्या चिपा मीं काढलेल्या नाहींत. त्या रविवारचे तास त्यांत गुंतलेले आहेत, आणि यंत्र आतां थंड असतें. जुन्या दोघी काड्यापेटींत कापूस घालून ठेवल्या आहेत. त्या अजूनहि तपकीर गल्लींत नव्या मिळतात, तरीहि टाकवत नाहींत.

त्या चार मित्रांना यांतलें कांहींच सांगितलेलें नाहीं. "वाहवा!" म्हणणारा गृहस्थ पुढच्या महिन्यांत स्वतःच्या यंत्रासाठीं दोन पाट मागावयास येणार आहे. तो हें मासिक नियमानें वाचतो.