पेव आणि विस्मरण

वैशाखात वर्धा जिल्ह्यातील आमच्या शिवारात फिरावयास गेले म्हणजे काळ्या जमिनीच्या भेगांत आमची काठी सहज हातभर आत जाते. मृगाच्या चार सरी कोसळल्या की त्याच भेगा अशा मिटतात, की तेथे कधी चीर होती हे कोणी सांगू नये. ही चिकण माती पाणी पिऊन फुगते व आपली जखम आपणच भरून काढते. चिखलात रुतणाऱ्या शेतकऱ्यास हा गुण छळतो. परंतु युरोपातील स्थापत्यविशारद ह्याच गुणासाठी भूगर्भात उतरले आहेत.

अणुविजेचा उरलेला गाळ कोठे ठेवावा, हा प्रश्न परका नव्हे. आपल्या तारापूरची वीज १९६९ पासून वाहते आहे. त्या गाळातील सीझियम सुमारे ३० वर्षांत निम्मे होते. प्लुटोनियमास मात्र त्यासाठी २४,००० वर्षे लागतात. बेल्जियमने मोल येथे १९८० साली खोदाई आरंभून २२५ मीटर खोल चिकणमातीत प्रयोगशाळा उभारली. फ्रान्सने ब्यूरजवळ सुमारे ५०० मीटर खोलीवरचा मृत्तिकाखडक निवडला. अशा खडकातून पाणी जवळजवळ वाहतच नाही, आणि निसटलेले बरेचसे कण माती स्वतःस चिकटवून ठेवते. गाळ काचेत ओतून पोलादी पेट्यांत भरतात; तो फार तापला तर मातीचा गुण बिघडेल, म्हणून कित्येक दशके निववून मगच, अंतर राखून, बोगद्यांत ठेवावयाचा. आपल्याकडील शास्त्रज्ञांचा कल ग्रॅनाइटकडे राहिला आहे. तथापि पेटीभोवती ठासावयास फुगणारी मातीच त्यांनीही योजिली आहे.

हे वाचताना आम्हांस आमच्या आजोळचे पेव आठवते. गावच्या पांढरीत खोदलेले, कडब्याचे अस्तर दिलेले, ज्वारीचे पेव. आजोबांनी ते बुजविले नाही, नुसते झाकले. तीस वर्षांपूर्वी मामांनी न्हाणीघराचा पाया काढला, तेव्हा एका गड्याच्या पायाखालची भूमी खचली. आतील कोंदट हवेने तो निपचित पडला. दोर लावून ओढला म्हणून वाचला. पेव उघडून वारा खेळू द्यावा, दिवा सोडून पाहावा, तो विझला तर उतरू नये, हा रिवाज त्या घरास ठाऊक होता. पेव कोठे आहे, एवढेच ठाऊक नव्हते. ओसरीवर बसलेली आजी तेवढी म्हणाली, “तिथं पेव हाये, हे मले कोनी इचारलं का रे?”

दोन पिढ्यांत एवढे विसरले जाते. तेथे हजारो वर्षांची गोष्ट काय सांगावी! म्हणूनच हे विशारद पहारेकऱ्यावर वा दप्तरावर विसंबत नाहीत, मातीवर विसंबतात. ते आम्हांस शहाणपणाचे वाटते. फ्रान्सच्या कायद्याने निदान १०० वर्षे पेट्या परत काढता याव्यात असे ठरविले आहे, तेही योग्यच. परंतु एक शल्य उरते. पेव नातवंडांनी उघडावे म्हणून भरीत. हे नातवंडांनी कधीच उघडू नये म्हणून भरावयाचे. आणि माती जितकी चांगली मिटेल, तितकी खूणही नाहीशी होईल.

मामांनी त्या जागी शिळा बसविली होती. गेल्या दिवाळीत तिच्यावर खेळणाऱ्या मुलांस ती कशाची म्हणून आम्ही विचारले. तुळशीचा जुना ओटा असेल, असे उत्तर मिळाले. आम्ही मुलांस जवळ बसवून सारी हकीगत सांगितली. पुढच्या दिवाळीत पुन्हा सांगावी लागेल.